जित्याचं रडणं

राइली वोर्नानेन रागावली की ओरडत नाही, गप्प होते. लापिनसालोच्या शाळेत तिने अडतीस वर्षं स्वयंपाक केला आणि दोनशे पोरं नुसत्या गप्प बसण्याने ताब्यात ठेवली. वाटाण्याचं सूप सांडणाऱ्या पोराकडे ती एकदा बघायची, की ते आपणहून फडकं आणायला पळायचं. त्या शनिवारी सकाळी चर्चच्या सभागृहात, गायकसमूहात आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या सुराच्या, दुसऱ्या रांगेत, हातात नवे कागद धरून ती अशीच गप्प झाली. शेजारच्या दोघी कुणी न सांगता जराशा बाजूला सरकल्या.

कागद होते ‘पालागाचा विलाप’ या रचनेच्या तिसऱ्या भागाचे. पालागा म्हणजे राइलीची आई. कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता आणि तिसरा भाग आज हातात पडत होता, कारण तूक्का लेहमुस्तोचं काहीच वेळेवर होत नाही. तूक्का हा रचनाकार. वय चौतीस, राहणार हेलसिंकी, आणि घरात शिरल्यावरही लोकरी टोपी न काढणारा. शाळेत असता तर राइलीने त्याला टोपीसकट जेवायला बसू दिलं नसतं.

ऑगस्टमध्ये तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. राइच्या पिठाच्या, भात भरलेल्या सहा पिराक्का त्याने उकडलेलं अंडं कालवलेल्या लोण्याबरोबर खाल्ल्या आणि मग सांगितलं, की संग्रहालयात पालागाच्या आवाजाच्या दोन टेप आहेत, सहासष्ट सालच्या, आणि त्यावर त्याला समूहगायनासाठी मोठी रचना करायची आहे. नाव पालागाचं, आणि पहिला प्रयोग इथेच, तिच्या गावात, गावच्याच लोकांच्या तोंडून.

राइलीला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, चांगला ऊर भरून येईपर्यंत आनंद झाला होता. याच गावात पालागा चव्वेचाळीस साली एक गाय आणि एक बोचकं घेऊन, सीमेपलीकडचं घर सोडून आली. तिची बोली कारेलियन आणि छातीवर क्रूस करायची पद्धत वेगळी, म्हणून दुकानात तिला रशियन ठरवून, रांगेत मागे ढकलून लोक म्हणायचे, “रुस्की, तुझ्या देशात जा.” तिचा देश हाच होता, त्यातला तिचा भाग लढाईत गेला होता, पण हे सांगणार कुणाला? राइली शाळेत असताना पोरं तिच्या मागून रडल्याची नक्कल करत चालायची, कारण हिची आई मयताला गाऊन रडते हे गावाला माहीत होतं. आणि आता त्याच दुकानाच्या काचेवर पालागाच्या नावाचं पोस्टर लागणार होतं. कुणाला आवडणार नाही?

“पण एक ऐका,” तेव्हा राइली म्हणाली होती. “दोनपैकी एक टेप लग्नाच्या रडण्याची आहे. मुलगी सासरी जाताना आई रडते ते. ती घ्या. दुसरीला हात लावू नका.”

“का?”

“ती चांगली झालेली नाही.”

एवढंच बोलली. आमच्या सावो भागात म्हणतात, इथला माणूस बोलू लागला की अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. राइलीही शेवटी सावोतच वाढलेली. संगीतवाल्याला ‘ते ऐकू नका’ म्हटलं की तो घरी जाऊन आधी तेच ऐकणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही. पहिला भाग लग्नाच्या रडण्यावरचा आला, दुसरा गुरं हाकण्याच्या हाळीवरचा आला. दोन्ही सुरेख होते. ती निर्धास्त राहिली.

आता तूक्काने सभागृहाचे पडदे ओढले आणि संग्रहालयात टेपबरोबर सापडलेला एक फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. लाकडी खोली, कोपऱ्यात वरती देवाची तसबीर, तिच्याखाली बाकावर एक मुलगी उताणी निजलेली. हात छातीवर जुळवलेले, डोळे मिटलेले. बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली बाई, चेहरा फडक्यात लपवलेली.

“ही ओउति,” तूक्का हळू आवाजात म्हणाला. “पालागाची थोरली मुलगी. सोळा वर्षांची. सहासष्ट साली तळ्यात बुडून गेली. चर्चच्या वहीत नोंद आहे. आणि आपल्याकडे आईने तिच्या देहापाशी केलेला विलाप आहे, प्रत्यक्ष. आईने मुलीला रडलेलं इतकं स्पष्ट दुसरं काहीही संग्रहालयात नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवलो नाही.”

चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. आमचे लोक हेलावले की तसंच करतात.

“एक्केचाळिसाव्या मापाला, म्हणजे कागदावरच्या तालाच्या त्या घराला, वरच्या सुराच्या सोप्रानोंनी हलकंसं हसायचं,” तो पुढे म्हणाला. “अगदी खुदकन, दूरवरून. टेपवर मागे कुणा मुलीचं हसणं आहे. बाहेर पोरं खेळत असतील. मी ते ठेवलं. मरणाला जीवन चिकटून उभं असतं ना, तसं.”

समूहाची संचालिका मार्केत्ता हिने मान डोलावली. तूक्काने दाराकडे हात केला. “आणि मंचावर असाच बाक असेल. त्यावर कोण निजणार, ते हेइनीने सांगावं.”

हेइनी म्हणजे राइलीची मुलगी, सोप्रानोत पहिल्या रांगेत. ती वळली. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते. “आई, तुला सांगायचं नव्हतं मुद्दाम. सरप्राइज! आपली इल्ता!”

आणि पंधरा वर्षांची इल्ता, राइलीची नात, दारातून आत आली. अंगात पांढरा लांब सदरा, पायात घरचे लोकरी मोजे. आजीकडे बघून तिने लाजत हात हलवला, भिंतीलगतच्या बाकावर जाऊन निजली आणि हात छातीवर जुळवले.

राइली गप्प झाली ती इथे.

मार्केत्ताने हात उचलला. समूहाने गायला सुरुवात केली, आणि गाणं वाईट नव्हतं हेच सगळ्यात वाईट. खालच्या आवाजांनी धरलेला एकच सूर, त्यावर पालागाची चाल, तशीच घसरत खाली येणारी, शब्दही तिचेच. ‘माझ्या वाढवलेल्या, माझ्या जोजवलेल्या, कुठल्या पांढऱ्या फळ्यांच्या घरात निघालीस?’ राइलीचं तोंड उघडलं नाही. एक्केचाळिसावं माप आलं. सोप्रानो खुदकन हसल्या.

“थांबा,” राइली म्हणाली.

मोठ्याने म्हणाली नाही. पण मार्केत्ता लहानपणी तिच्याच हातचं सूप जेवली होती. तिचा हात हवेतच राहिला.

“ते बाहेरचं पोर नाही हसत,” राइली म्हणाली. “ती ओउति हसतेय.”

“कोण?” तूक्काने विचारलं.

“जिचं मढं म्हणून भिंतीवर लावलंय ना, ती. जिवंत आहे त्या फोटोत. जुलै महिना आहे. खिडकी बघा, उघडी आहे. बाहेर गवत कापून पडलंय. ती गेली नोव्हेंबरात. तू साल वाचलंस, महिना वाचायला काय झालं होतं?”

ऑगस्टपासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत आली होती. ते संपलेलं सगळ्यांच्या लक्षात आलं.

तूक्काने टोपी काढली. “पण... मग हे...”

“मग ऐक आता. ऑगस्टात सांगायला हवं होतं, माझं चुकलं, पण आता ऐक.” राइली रांगेतून पुढे आली. “एक मास्तर आला होता शहरातून. आवाज टिपायची पेटी घेऊन, दोन चाकं फिरणारी. आई आधी लग्नाचं रडली. छान झालं. मग म्हणाला, मयताचं पाहिजे. आई म्हणाली, माझ्या आईला रडते, ती सीमेपलीकडे पुरलीय. तो म्हणाला, आयांना रडलेलं माझ्याकडे पंधरा वेळा आहे, मुलीला रडलेलं एकही नाही. तेवढीच जागा रिकामी आहे. रिकामी जागा! आई म्हणाली, माझी मुलगी मेली नाही, उभी आहे ती बघा. लग्नाची गोष्ट वेगळी. मयताचं रडणं जित्याला रडायचं नसतं. तो हसला. म्हणाला, अहो, हा नुसता नमुना आहे.”

“टेपच्या सुरुवातीला ती काहीतरी नको-नको म्हणते,” तूक्का पुटपुटला. “मला वाटलं, संकोच. मी ते कापलं.”

“कापलंस. शाब्बास.” राइलीचा आवाज अजूनही चढला नव्हता. “गावचा शाळामास्तर बरोबर आला होता. तो आईला म्हणाला, इतक्या लांबून साहेब आलेत, आणि तुम्ही निर्वासित लोक, जरा उपकार जाणा. हे ऐकल्यावर ती काय करणार? पण रडू फुटेना. तेव्हा त्या पेटीवाल्याने ओउतिला बाकावर निजवलं. म्हणाला, डोळे मीट, हात असे धर, म्हणजे आईला जमेल. ओउतिला गंमत वाटली. नंतर मोटारीतून चक्कर मारून आणीन म्हणाला होता. आई रडत होती आणि ओउतिला हसू आवरत नव्हतं. मी चुलीच्या कट्ट्यावर बसले होते, नऊ वर्षांची. मीही हसले. तुझ्या टेपवर नीट कान दिलास तर माझंही सापडेल.”

सभागृहात कुणीतरी खुर्चीत बसलं. लोखंडी पाय फरशीवर घासले.

“नोव्हेंबरात ती डेअरीतून बर्फावर पायाने ढकलायच्या घसरगाडीवर घरी येत होती. तळं नुकतं गोठलेलं, बर्फ फुटला. आणि मयताच्या दिवशी झाडून सगळा गाव आला. पालागाचं रडणं ऐकायला आला, खोटं सांगत नाही. ती शवपेटीपाशी उभी राहिली आणि तिच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. कोरडी. मला नंतर म्हणाली, तिचं रडणं मी देऊन टाकलं गं, आता दुसरं कुठून आणू? आणि गाव काय म्हणालं? रुस्की पोटच्या पोरीलाही रडत नाही!”

हे शेवटचं तिने तूक्काकडे बघून म्हटलं नाही. बासच्या, पुरुषांच्या खालच्या सुराच्या रांगेत त्या लोकांची मुलं उभी होती, पन्नाशी-साठीची, चांगल्या स्वेटरांमधली. त्यांतल्या दोघांकडे बघून म्हटलं.

कुणी काही बोलायच्या आत तूक्का दोन पावलं पुढे आला. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. राइलीला ते दिसलं.

“राइली,” तो म्हणाला, “हे तर त्याहून जबरदस्त आहे.”

“काय?”

“म्हणजे... भयंकर आहे, अर्थात. पण लोकांना हे कळायला हवं! आपण हे सांगू. त्या माणसाचं नाव घेऊन सांगू. बाकावरची मुलगी जिवंत आहे हे प्रेक्षकांना माहीत असेल, आणि तरी समूह तिला रडेल. कळतंय का? प्रत्येकजण खुर्चीत अवघडेल. तो त्या पेटीवाल्याचा निषेधच ठरेल.”

“म्हणजे बाक ठेवणार.”

“बाक आता हवाच!”

चोराला सोडून संन्याशाला सुळी, अशी एक म्हण आहे, पण इथे चोर संन्याशाचे कपडे घालून पुन्हा त्याच घरात शिरत होता, आणि वर दिवा धरा म्हणत होता. राइलीला वाटलं, या पोराला टोपीसकट सुपाच्या पातेल्यात बुडवावं. त्या पेटीवाल्या मास्तराचा तिने सत्तावन्न वर्षं राग केला, पण तो निदान अडाणी होता. याला सगळं समजलं होतं. समजूनही त्याला त्यातून रचनाच दिसत होती.

“इल्ता, ऊठ,” ती म्हणाली.

इल्ता कोपरांवर उठली आणि तिने आईकडे बघितलं.

हेइनी पहिल्या रांगेतून बाहेर आली होती. ती रडवेली दिसेल असं कुणाला वाटलं असेल तर चूक. ती संतापलेली होती.

“सत्तावन्न वर्षं, आई? मला चाळीस वर्षांत एकदा सांगता आलं नाही? माझी मावशी होती ती. मला वाटायचं, अपघात झाला, दुःख झालं, म्हणून बोलत नाहीत. आणि आज सांगतेस, चाळीस माणसांसमोर, माझ्या लेकीच्या कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी!”

“तुमचं हे बाकाचं मला आधी कळलं असतं तर आधी...”

“आणि तुला म्हणायचंय काय? आजीच्या रडण्याने ती मेली? बर्फाने मेली, आई. नोव्हेंबरात तळ्यावरून जायचं नसतं हे पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे. इल्ताला काही होणार नाही. टीव्हीवाले येणार आहेत. ती महिनाभर कुणाला न सांगता तयारी करतेय.”

“मला चालेल, आजी,” इल्ता बाकावरून म्हणाली. “मी नुसती निजणार आहे.”

“तीही नुसतीच निजली होती.”

“आई, पुरे!”

“मी स्वयंपाकीण आहे, हेइनी, खुळी नाही.” आता मात्र राइलीचा आवाज चढला, आणि ज्यांनी तो कधीच ऐकला नव्हता त्यांनी माना खाली घातल्या. “बर्फाने मेली, मला माहीत आहे. पण ते तुझ्या आजीला पटवून दाखव! एकतीस वर्षं ती त्यापुढे जगली. चर्चमध्येसुद्धा गायली नाही परत. तू जन्मलीस तेव्हा तुला मांडीवर घेतलं नाही तिने. तुला आठवतं ना, तू निघालीस की पाठ फिरवायची? तू म्हणायचीस, आजी माझ्यावर रागावलीय. रागावली नव्हती. जाणाऱ्या पोरीकडे बघायची तिला भीती वाटायची. डोळ्यांत पाणी आलं तर! तुझ्यासाठी तिने एक टिपूस येऊ दिलं नाही, पंधरा वर्षं. आणि तू म्हणतेस, काही होत नाही. तिला झालं ते काय होतं मग?”

हेइनीचा खालचा ओठ हलला, पण ती हटली नाही. हट्ट या घरात आईच्या दुधातून येतो.

“ते आजीचं होतं,” ती म्हणाली. “मी आजी नाही. हे संगीत आहे. मला त्याचं काही वाटत नाही.”

“वाटत नाही?”

“नाही.”

“मग समूह कशाला?” राइली म्हणाली. “चाळीस जण रडले की कुणीच रडत नाही. आईने मुलीला रडायचं असतं. तू तिची आई आहेस. ये, उभी राहा तिच्यापाशी, आणि तूच गा. एकटी. तिच्या तोंडाकडे बघून गा. पूर्ण म्हटलंस तर मी पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.”

“राइली, अगं...” मार्केत्ता म्हणाली.

“एकल आवाज,” तूक्का स्वतःशीच म्हणाला. “समूह थांबतो आणि फक्त आई. हो. हो, हेच.” त्याने खिशातून तळहाताएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं आणि बाकाच्या कडेला ठेवलं. लाल दिवा लागला. सगळ्या तालमींत तो तसंच करायचा, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

हेइनी तणतणत बाकापाशी गेली. इल्ता परत आडवी झाली, हात जुळवले, डोळे मिटले. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक पुळी होती आणि तिने ती पावडर लावून झाकली होती.

मार्केत्ताने पियानोवर एक स्वर दिला. हेइनीने सुरुवात केली.

तिचा आवाज चांगला आहे, गावातला सगळ्यात चांगला. पहिली ओळ तिने कागदाकडे बघून म्हटली, आईला दाखवण्यासाठी, जरा जास्तच नीट. ‘माझ्या वाढवलेल्या, माझ्या जोजवलेल्या.’ दुसऱ्या ओळीला कागद खाली केला. ‘कुठल्या पांढऱ्या फळ्यांच्या घरात निघालीस, जिथे खिडकी नाही, चूल नाही?’ अजून स्वर पक्का होता. तिसऱ्या ओळीत पालागाने विचारलं होतं, की तुझे केस आता कोण विंचरेल. हेइनीने इल्ताच्या केसांकडे बघितलं. त्या दिवशी सकाळी तिनेच त्यांची वेणी घातली होती, आणि घालताना दोघी रबरावरून भांडल्या होत्या.

‘तुझे केस...’

स्वर खाली घसरला. चालीत घसरतो तसा नव्हे. हेइनीने पुन्हा श्वास घेतला.

‘तुझे केस कोण...’

इल्ता हलली नव्हती. ती तिचं काम चोख करत होती. चेहरा निवांत, ओठ जरासे उघडे, छाती हलतेय की नाही कळू नये इतका हळू श्वास. महिनाभर तिने याचीच तयारी केली होती.

हेइनीच्या घशातून जो आवाज निघाला तो कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. तिने वाकून पोरीचा दंड धरला आणि तिला बाकावरून अशी ओढली, की इल्ता गुडघ्यांवर पडली.

“आई! हात! दुखतोय!”

“ऊठ,” हेइनी म्हणाली. “ऊठ, ऊठ, ऊठ!” पोर उठली होती तरी ती म्हणतच राहिली. मग खुंटीवरचं जॅकेट ओढून तिने इल्ताच्या अंगात घातलं आणि खालपासून गळ्यापर्यंत चेन लावली, तीन वर्षांच्या मुलीला लावतात तशी. इल्ताने लावू दिली. तिला कधीच न दिसलेलं काहीतरी आईच्या तोंडावर दिसत होतं आणि ती घाबरली होती.

राइली जिंकली होती, आणि जिंकल्याची तिला लाज वाटत होती. कारण समोर काय घडलं ते तिला स्वच्छ दिसलं. एका आईला जित्या मुलीसमोर उभं करून रडायला लावलं होतं, आणि या वेळी कुठला शहरातला मास्तर नव्हता. तिने स्वतः लावलं होतं. वर टाळ्या वाजवीन म्हणाली होती. दुसरा उपाय नव्हता, असं तिने मनाला सांगून बघितलं, पण त्या पेटीवाल्यालाही दुसरा उपाय नव्हताच की. तिचा राग तूक्कावरून निघून तिच्याच अंगावर आला आणि तिथेच बसला.

“हेइनी,” ती म्हणाली. “पोरी, माझं...”

“आता नको, आई.” हेइनीने तिच्याकडे बघितलं नाही. पण इल्ताचा एक हात तिने धरला होता आणि इल्ताचा दुसरा हात राइलीच्या बाजूला मोकळा होता. राइलीने तो धरला. कुणी सोडवला नाही.

तूक्का तसाच उभा होता, टोपी हातात चुरगळत. त्यालाही धक्का बसला होता, असं म्हणायला हवं. पोरगा दगड नव्हता. पण त्याची नजर बाकाच्या कडेला गेली, लाल दिव्यावर, आणि तिथे थांबली. राइलीने ते पाहिलं.

“दे ते,” ती म्हणाली.

“राइली, मी हे वापरणार नाही. शपथ. बाकही काढतो. तिसरा भागच काढतो, दोनच भाग करू. पण हे... मी असं कधी ऐकलेलं नाही. कधीच नाही. फक्त माझ्यासाठी ठेवू द्या. कुणाला ऐकवणार नाही.”

“त्यानेही कपाटातच ठेवलं होतं.”

“मी तो नाही.”

“नाहीस ना? मग दे.”

तूक्काने मार्केत्ताकडे बघितलं. मार्केत्ताने पियानोचं झाकण खाली केलं. बासच्या रांगेतून एक धिप्पाड माणूस पुढे आला, डेअरीच्या जुन्या व्यवस्थापकाचा मुलगा. आयुष्यात तो राइलीशी चार वाक्यंही बोलला नव्हता. तो नुसता येऊन तूक्काशेजारी उभा राहिला. मग आणखी एक आला. मग सोप्रानोंतल्या दोघी. 

तूक्काने यंत्र उचलून राइलीच्या हातात दिलं. लाल दिवा अजून चालूच होता. राइलीने ते उलटंसुलटं केलं. अडतीस वर्षं तिने शंभर लिटरची पातेली चालवली होती, पण या तळहाताएवढ्या वस्तूवर तिला बटणच सापडेना. 

“आजी, आण इकडे,” इल्ता म्हणाली.

तिने ते घेतलं, जॅकेटच्या बाहीतून अंगठा बाहेर काढला आणि कुठेतरी दोनदा दाबलं. दिवा विझला. मग तिने छोट्या पडद्यावर यादी उघडली, आजच्या तारखेवर आली, आणि थांबली.

“विचारतंय,” ती म्हणाली. “नक्की पुसायचं का?”

ती आजीकडे बघत होती. राइलीने तोंड उघडलं, पण उत्तर हेइनीने दिलं.

“हो म्हण,” हेइनी म्हणाली.